रस्ता मोकळा आहे

५ जानेवारी, सोमवार

ही वही मला दवाखान्यातून मिळाली, तिथल्या एका अभ्यासात मी नाव दिलंय. अट अशी की एकदा लिहायचं, मागे जाऊन वाचायचं नाही, खाडाखोड नाही, पान फाडायचं नाही. माझ्यासारख्या माणसाला ही अट घालणं म्हणजे शुद्ध छळ आहे, पण सही करून बसलो आहे. वरचं वाक्य मी दोनदा वाचलं. तेही लिहून ठेवतो, उगाच लपवाछपवी नको.

मी लाँड्रीची गाडी चालवतो. तीन हॉस्पिटलं आणि पाच लॉज यांच्या मळक्या चादरी सकाळी उचलायच्या आणि धुतलेल्या संध्याकाळच्या आत पोचवायच्या. वीस वर्षांत बंपरला एकदा खरचटलं, तेही मालकांनी स्वतः गाडी मागे घेताना. तरी रोज संध्याकाळी घरी आलो की मला वाटतं, मी वाटेत कुणालातरी उडवलं. शाळेच्या वळणावर गतिरोधक आहे. चाक त्याच्यावरून गेलं की धप्प होतं. ते धप्प गतिरोधकाचं की माणसाचं, हे मला कळत नाही. कळतं खरं म्हणजे, पण पटत नाही.

पूर्वी मी स्वतः परत जायचो. काही नसायचं. घराशी आलो की वाटायचं, गटाराच्या बाजूला नीट बघितलंच नाही. परत जायचो. मग झुडपं राहिली म्हणून परत. वळणावरचे लोक मला जमिनीची मोजणी करणारा सरकारी माणूस समजायला लागले होते. शेवटी हिने तोडगा काढला. म्हणाली, "तुम्ही घरात बसा. मी बघून येते. मी एकदाच बघते आणि मला दिसतं."

तेव्हापासून चौदा वर्षं आमचं ठरलेलं आहे. मी सहाला येतो, किल्ली खुंटीला लावतो आणि म्हणतो, "वळण." ही शिलाई मशीनवरून उठते, चपला घालते, पंधरा मिनिटांत परत येते आणि दारातूनच सांगते, "रस्ता मोकळा आहे." बस. तेवढे चार घास मग गोड लागतात. मला स्वतःच्या डोळ्यांची खात्री नाही, कानांची नाही, ब्रेकची नाही. जगात एकाच गोष्टीची खात्री आहे, हिच्या शब्दाची.

हे वळणाचं मी दवाखान्यात सांगितलेलं नाही. ते आमचं घरातलं आहे.

१२ जानेवारी, सोमवार

मेंदूचे फोटो काढले. चाळीस मिनिटं नळकांड्यात पडून होतो, बाहेरून कुणीतरी पत्रा बडवत होतं. 'हलू नका' म्हटल्यावर नाकाला खाज सुटतेच.

हा अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाच्या आहेत. नाव मोठं आहे, पण मी मनात त्यांना शंभरबाई म्हणतो, कारण दर दोन मिनिटांनी त्या विचारतात, "आत्ता भीती किती? शंभरपैकी?" त्यांनी मला दुखण्याचं नाव सांगितलं, ओसीडी. आमची जुनी माणसं मंत्रचळ म्हणायची आणि विषय बदलायची. मी विचारलं, हे होतं कशानं? म्हणाल्या, नेमकं अजून आम्हालाही माहीत नाही. थोडं घराण्यातून येतं, पण असा एक ठरावीक दोष सापडलेला नाही. मेंदूचा पुढचा भाग आणि आतला एक भाग यांच्यात निरोपांची ये-जा चालते, ती काही जणांत थांबत नाही असं दिसतं. काम झालं तरी 'काहीतरी चुकलं' ही घंटा वाजतच राहते.

"नक्की माहीत नाही, मग एवढं मोठं यंत्र कशाला?" मी विचारलं.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

घराण्यात कुणाला होतं का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. घरी येताना आठवलं, आमचे वडील दाराचं कुलूप सात वेळा ओढून बघायचे. आम्ही त्याला शिस्त म्हणायचो.

मग उपचार. गोळी चालू आहेच, तिला आठ-दहा आठवडे द्यावे लागतात. भीतीला सामोरं जायचा सराव सगळ्यांना. आणि रोज दुपारी डोक्यावर चुंबक, त्याच्या ठोक्यांनी ती घंटा शांत होते का बघायला, आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. त्यात गोम अशी की निम्म्या लोकांना खरं चुंबक आणि निम्म्यांना नुसतं टकटक करणारं खोटं. कुणाला कुठलं ते शंभरबाईंनाही ठाऊक नाही. सगळा अभ्यास संपला की सांगणार. 'मला खोटा उपचार मिळू शकतो हे मी समजून घेतले आहे' याखाली मी सही केली. तीन वेळा वाचून केली.

१६ जानेवारी, शुक्रवार

टकटक. डोक्यावर सुतारपक्षी बसवल्यासारखं वाटतं. खरं की खोटं, काही पत्ता लागत नाही.

२१ जानेवारी, बुधवार

आज शंभरबाई माझ्या शेजारी गाडीत बसल्या. मागे चाळीस गाठोडी, गाडीभर साबणाचा वास. गतिरोधकावरून गेलो. धप्प.

"किती?"

"पंच्याण्णव."

"आरशात बघू नका. चला पुढे."

"मॅडम, कुणी पडलं असलं तर?"

"असेल. किंवा नसेल. चला."

असं कुणी बोलतं का? डॉक्टर माणूस! मी तर थक्कच झालो. सहा वेळा त्याच गतिरोधकावरून नेलं मला. सहाव्या वेळी मी सत्तर सांगितलं, खरं तर साठ होतं. उगाच हुरळून जायला नको म्हणून दहा हातचे राखले. त्या म्हणाल्या, भीती जाईपर्यंत थांबायचं नाही, भीती बरोबर घेऊनच पुढे जायचं. खात्री मागायची सवय मोडायची. खात्री मिळाली की घटकाभर बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी भूक दुप्पट लागते.

संध्याकाळी घरी आलो आणि हिला म्हटलं, "वळण." ती गेली. आली. रस्ता मोकळा होता.

३० जानेवारी, शुक्रवार

फेऱ्या वेळेत होतायत. मालक म्हणाले, "काय रे, पंख फुटले का तुला?" दिवसभर मी एकदाही मागे वळून गेलो नाही. शंभरबाईंनी आलेख दाखवला, रेघ उतरत होती. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला घरच्या वळणाचं सांगणं जड गेलं. आणि दिवसभर मी एवढं सोसतो ते कशाच्या जोरावर? संध्याकाळी ही बघून येणार आहे, या जोरावर. एवढं एक राहू दे की.

पुढच्या शुक्रवारी घरच्या माणसाला घेऊन या म्हणाल्या. नेईन.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

लहानशी खोली, तीन खुर्च्या, टेबलावर टिश्यूचा डबा. शंभरबाईंनी हिला एक फॉर्म दिला. रुग्णाच्या भीतीसाठी घरची माणसं काय काय करतात, त्यात किती वेळ जातो, असले प्रश्न. म्हणाल्या, यात कुणाचा दोष काढायचा नाही, घरचे प्रेमापोटीच करतात, पण दुखणं त्यावर पोसलं जातं हे आता बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. ही वाचत राहिली. मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो. तिने बघितलं नाही.

"वळण बघायला जाते रोज," ती म्हणाली. "चौदा वर्षं."

शंभरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"रोज वळणापर्यंत जाता? केवढा त्रास आहे हा."

तेव्हा ही रडायला लागली. टिश्यू घेतला नाही, तशीच रडली. म्हणाली, "जात नाही हो मी. कोपऱ्यावर किल्लीवाल्याच्या स्टुलावर बसते. पंधरा मिनिटं झाली की परत येते आणि सांगते."

मला आधी वाटलं, आजच्यापुरतं बोलतेय. मी विचारलं, "आज?"

"रोज."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली असतील. पहिली तीन वर्षं जात होते."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला आज कळलं. खुर्चीचे हात मी घट्ट धरले होते. शंभरबाई काहीतरी बोलत होत्या, ओठ हलताना दिसत होते. मग आम्ही गाडीने घरी निघालो. वळणावर धप्प झालं आणि मी हिच्याकडे बघितलं. ती मांडीवरच्या पर्सचा पट्टा पिळत होती.

७ फेब्रुवारी, शनिवार

चुंबकवाल्यांनी तरी आधी सांगितलं होतं, खोटं असू शकेल म्हणून. कागद दिला, वाचायला वेळ दिला, सही घेतली. हिने कुठे सही घेतली होती माझी?

केसाने गळा कापला. अकरा वर्षं! वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तरी तीन हजार तीनशे वेळा. तीन हजार तीनशे वेळा दारात उभं राहून, धाप लागल्यासारखं करून, "रस्ता मोकळा आहे." ती धापसुद्धा खोटी! आणि मी मूर्ख तिला पाणी द्यायचो.

९ फेब्रुवारी, सोमवार

किल्लीवाल्याकडे गेलो. तो कानसीने किल्ली घासत होता. विचारलं, "आमच्या मंडळी इथे बसतात का?"

"वहिनी ना? बसतात की. कधीची ओळख आहे आमची." चेहरा अगदी निर्मळ.

"कधीची म्हणजे? कुठल्या वर्षापासून? रोज का? एखाद्या दिवशी वळणाकडे गेल्याचं आठवतं?"

त्याने कानस खाली ठेवली. "दादा, मी किल्ल्या बनवतो. हजेरी घेत नाही."

"काय करतात बसून?"

"काही नाही. समोर बघत असतात. कधी घड्याळात."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लाँड्रीच्या जुन्या डायऱ्या मी जपून ठेवल्यात, कुठल्या दिवशी कुठली फेरी ते त्यात आहे. काही दिवस असे आहेत की तेव्हा धप्प नेहमीपेक्षा मोठं झालं होतं, पावसाळी दिवस होता, किंवा वळणावर दिवा नव्हता. असे एकशे बारा दिवस निघाले. कागदावर उतरवून मी हिच्यापुढे ठेवले. साधा प्रश्न आहे, यातल्या कुठल्या दिवशी गेली होतीस आणि कुठल्या दिवशी नाही. खूण कर.

ती म्हणाली, "मला कसं आठवेल?"

"आठव."

"पहिल्या तीन वर्षांतले असतील तर गेले असेन."

"असेन नको. गेले की नाही?"

हे दुखणं नव्हे, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो. दुखणं वेगळं. ज्याची फसवणूक झाली त्याला चौकशीचा हक्क असतो. कोर्टातसुद्धा तारखा विचारतात.

१८ फेब्रुवारी, बुधवार

चुंबकाला तीन दिवस गेलो नाही. शंभरबाईंचा फोन आला. मी सगळं सांगितलं, यादीचंही. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "राग येणं साहजिक आहे. तुम्हाला खरंच दुखावलंय. पण यादी विचारता तेव्हा भीती किती असते? शंभरपैकी?"

मी फोन ठेवला. बायकांना बायकांचीच बाजू.

आज हिला फक्त चार तारखा विचारल्या. जेवताना दोन, भांडी घासताना दोन.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नऊ.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ही भावाकडे गेली. मेहुणा फरशा बसवतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. शिलाई मशीन नेलं नाही, म्हणजे कायमची गेलेली नाही. की जड म्हणून नेलं नाही?

निघताना म्हणाली, "आधी तुम्ही दिवसातून एकदा विचारत होता. आता चाळीसदा विचारता. मी एक खोटं बोलले, त्याची शिक्षा भोगेन म्हटलं. पण ही शिक्षा संपतच नाही हो."

मी म्हटलं, "खरं सांग, संपेल."

"खरंच सांगितलंय. तुम्हाला ते पुरत नाही."

चप्पल घालताना तिचा तोल गेला. मी हात पुढे केला नाही. चौदा वर्षांच्या विश्वासाचं जिने मातेरं केलं, तिला हात द्यायचा?

२५ फेब्रुवारी, बुधवार

सहाला घरी आलो. किल्ली खुंटीला लावली. 'वळण' म्हणायला घरात कुणी नव्हतं. स्वतःच गेलो. गटार, झुडपं, शाळेच्या फाटकामागे, परत गटार. साडेतीन तास. सगळा आलेख धुळीला मिळवला.

२ मार्च, सोमवार

दवाखान्यात गेलो. ओरडायच्या तयारीनेच गेलो होतो. शंभरबाईंनी ओरडू दिलं. मग म्हणाल्या, "अकरा वर्षं ते वळण कुणीच तपासलं नाही. त्या अकरा वर्षांत काय झालं?"

"तो मुद्दा नाही."

"बरं. मग मुद्दा काय?"

"मुद्दा हा की तिने मला फसवलं! मी घरात एकाच माणसावर विसंबून होतो. तुम्ही म्हणता, खात्री नसताना जगा. जगतो ना! पण त्याला पाय ठेवायला कुठेतरी जागा लागते. ती जागाच खोटी निघाली."

त्यांनी पहिल्यांदाच आकडा विचारला नाही. नंतर म्हणाल्या, "यादीत एकशे बारा तारखा आहेत. कुठल्या दिवशी गेली, कुठल्या दिवशी नाही, हे तुम्ही विचारलंत. का गेली नाही, हे विचारलंत?"

मी म्हटलं, त्यात काय विचारायचं. कंटाळा.

"तसं त्या म्हणाल्या?"

घरी येईपर्यंत आठवत होतो. ती तसं म्हणाली नव्हती. मी विचारलंच नव्हतं. तारखांच्या नादात एवढी एक गोष्ट राहून गेली.

५ मार्च, गुरुवार

मेहुण्याकडे गेलो. तो ओसरीवर फरशी पातळीत बसवत होता, लेव्हलची पट्टी ठेवून तिच्यातल्या बुडबुड्याकडे बघत. मला बघून म्हणाला, "या. पाय त्या बाजूने टाका, सिमेंट ओलं आहे. भांडायला आलाय की न्यायला?"

"विचारायला."

"म्हणजे भांडायलाच. आत आहे ती."

ही मेहुण्याच्या मुलीच्या फ्रॉकला बटण लावत होती. मी खाली बसलो. म्हटलं, "तारीख विचारत नाही. एकच सांग. का जायची बंद झालीस?"

तिने दोरा ओढून घेतला. म्हणाली, "ऐकून आणखी त्रास होईल तुम्हाला."

"होऊ दे."

"तिसऱ्या वर्षी एक दिवस गेले होते. किल्लीवाल्याचा कोपरा ओलांडला आणि समोर वळणावर गर्दी दिसली. पंधरा-वीस माणसं, गोल करून उभी. मधे काय होतं ते दिसत नव्हतं. मला पुढे जावेना. पाय उचलेचनात. तशीच स्टुलावर बसले आणि घरी आले."

"आणि मला काय म्हणालीस?"

"रस्ता मोकळा आहे म्हणाले."

बाहेर मेहुणा रबरी हातोडीने फरशी ठोकत होता. मी विचारलं, "काय होतं तिथे?"

"माहीत नाही."

"नंतर कुणाला विचारलं नाहीस? पेपरात बघितलं नाहीस?"

"नाही. बघायचंच नव्हतं मला. भांडण असेल, कुणाची हातगाडी उलटली असेल. आणि ते नसेल तर? तुम्ही नुकतेच तिथून आला होता. त्यानंतर माझ्याच्याने कोपऱ्याच्या पुढे जाववलं नाही. कधीच."

मला वाटत होतं, ती कंटाळली. मनात हसून स्टुलावर बसली, नवऱ्याच्या वेडाला पंधरा मिनिटं दिली आणि उठली. तसं असतं तर बरं झालं असतं. तिला माझी कीव असती, राग असता, चाललं असतं. त्यात निदान तिला माझी खात्री असती.

"म्हणजे तुला वाटलं, मी खरंच कुणाला मारलं असेन."

"वाटलं."

"अकरा वर्षं?"

"रोज नाही. पण वाटायचं. तुम्ही झोपलात की कधी कधी बघायचे तुमच्याकडे."

"मग राहिलीस कशी माझ्याबरोबर?"

तिने दाताने दोरा तोडला. "राहिले. स्वयंपाक केला, शिवण केलं, झोपले. कुणाला विचारणार? तुम्हाला विचारून काय कळणार होतं, तुम्हालाच माहीत नव्हतं."

मी उठून आलो. ओल्या सिमेंटवर पाय पडला. मेहुण्याने थापीने तो ठसा मिटवला.

७ मार्च, शनिवार

दोन दिवस हेच डोक्यात आहे. आमच्या दोघांत एकाला तरी खात्री आहे, या आधारावर मी चौदा वर्षं जेवलो, झोपलो, गाडी चालवली. नव्हती. तिने खोटं सांगितलं त्यापेक्षा हे जास्त लागलंय. माझ्यासारखीच भीती बाळगून ती माझ्या शेजारी झोपत होती आणि मला सांगत होती, सगळं ठीक आहे. तिच्याकडे बघून मला कधी कळलं नाही. मी तिच्याकडे बघतच नव्हतो बहुतेक, मी वाक्य ऐकत होतो.

माफ केलेलं नाही. हे नीट लिहून ठेवतो. माफ करावंसं वाटतही नाही.

९ मार्च, सोमवार

गर्दी दिसली त्या वर्षीच्या माझ्या डायरीत फेऱ्या आहेत, वेळा नाहीत. वेळा लाँड्रीच्या रजिस्टरात. मालकांना विचारलं. म्हणाले, माळ्यावर आहेत, चढ आणि बघ, पण चाळीस गाठोडी खाली पडून आहेत. शिडी लावली. चढलो नाही असं लिहिलं तर खोटं होईल, तीन पायऱ्या चढलो. वर गेलो असतो तर गर्दीचा दिवस कुठला ते हिला विचारावं लागलं असतं. मग ऋतू कुठला, दिवे लागले होते का, गर्दीत बायका होत्या का. ते सगळं मला एका क्षणात पुढे दिसलं, हिच्या चेहऱ्यासकट.

उतरलो. गाठोडी भरली.

चुंबकाला गेलो. शंभरबाई म्हणाल्या, मधे खंड पडला म्हणून तुमचे आकडे अभ्यासात वेगळे धरावे लागतील, पण उपचार पूर्ण करू. गर्दीचं त्यांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुमच्या मिसेस ते अकरा वर्षं एकट्याच करत होत्या."

"काय?"

"जे मी तुम्हाला शिकवतेय."

मला ते आवडलं नाही. खोटं बोलण्याला एवढं मोठं नाव द्यायची काही गरज नाही.

१४ मार्च, शनिवार

हिला आणायला गेलो. मी बोलावलं नव्हतं आणि ती येते म्हणाली नव्हती. मेहुण्याने पिशवी गाडीत ठेवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "पुन्हा तारखा विचारल्यात तर तुम्हालाच फरशीखाली बसवीन." हसत म्हणाला, पण पूर्ण हसत नव्हता.

ही पुढे बसली. गाडी चालू केली. अर्धं शहर मागे पडलं. मग ती म्हणाली, "मी विचारणार नाही, तुम्ही मला माफ केलंत का म्हणून."

"विचारू नको. मला माहीत नाही."

"बरं."

शाळेचं वळण आलं. सहा वाजले होते, उजेड होता, फाटक बंद. तिथे कधीकाळी पंधरा-वीस माणसं गोल करून उभी होती, हे मला आता कायमचं माहीत आहे. वेग कमी केला. धप्प झालं.

मी आरशात बघितलं नाही. सगळं अंग मागे ओढत होतं, तरी स्टिअरिंग सरळ ठेवलं. तेवढ्यात शेजारी हालचाल झाली. हिने खिडकीची काच खाली केली, दोन्ही हातांनी दार धरलं आणि डोकं बाहेर काढून मागे बघितलं. नीट बघितलं, पुरेसा वेळ. अकरा वर्षांनी. मग आत आली आणि काच वर केली. तिचा श्वास जोरात चालला होता आणि या वेळी तो खोटा नव्हता.

काय दिसलं, मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. घरी येऊन किल्ली खुंटीला लावली आणि तिची पिशवी आत नेली.